वाचकांचे प्रश्न : डी ड्राइव्ह उडाला, आता काय करू?

या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच दुखण्याची आहेत. पार्टिशन उडालं, फाइली गेल्या. लग्नसराई, मार्चअखेर आणि परीक्षा एकत्र येतात तेव्हा दरवर्षी हेच होतं. सगळे घाईत असतात आणि घाईत भलत्याच ओळीवर बोट पडतं. सांगलीत विश्रामबागला मी संगणक दुरुस्तीचं आणि डेटा काढून देण्याचं काम करते. डिस्क हातात घेऊन दारात उभ्या राहणाऱ्या माणसाच्या जिवाची काय घालमेल चाललेली असते ते मला ठाऊक आहे, म्हणून काही उत्तरं लांबली आहेत. नावं कोणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : तासगावात माझा फोटो स्टुडिओ आहे. संगणक फार हळू चालायला लागला म्हणून ओळखीच्या मुलाकडून विंडोज नव्याने टाकून घेतली. त्याने सगळी पार्टिशनं खोडली आणि आता १ टीबीच्या हार्ड डिस्कवर एकच मोठा सी ड्राइव्ह दिसतो. पूर्वी सी दीडशे जीबीचा होता, बाकी सगळा डी. डीमध्ये लग्नांचे फोटो होते, त्यातल्या दोन घरांना अजून अल्बम द्यायचे आहेत. इंटरनेटवरून एक ॲप उतरवलं, ते फाइलींची यादी दाखवतं पण बाहेर काढायला पैसे मागतं. भरू का? – एक छायाचित्रकार

पैसे भरू नका. आधी तो संगणक बंद करा आणि पुढचं सगळं बंद संगणकासमोर बसून वाचा.

तुम्ही ॲप उतरवलंत ते कुठे उतरलं? त्याच डिस्कवर. ते बसवलंत तेही तिथेच. पैसे भरून फाइली बाहेर काढल्या असत्या तर त्याही बहुधा डेस्कटॉपवर, म्हणजे पुन्हा त्याच डिस्कवर ठेवल्या असत्या आणि पहिल्या लग्नाचे फोटो परत मिळवताना दुसऱ्या लग्नाचे फोटो त्यांच्याखाली गाडले गेले असते. पार्टिशन खोडल्याने डेटा क्वचितच मरतो. खोडल्यानंतरच्या धावपळीत मरतो.

पार्टिशन खोडतं म्हणजे नक्की काय होतं ते समजून घ्या, म्हणजे कुठे घाबरायचं आणि कुठे नाही ते तुमचं तुम्हालाच कळेल. सातबाऱ्यावरची नोंद पुसली म्हणून शेत जागचं हलत नाही, पीकही उभंच राहतं. तसंच हे आहे. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर अगदी पहिल्या ५१२ बाइटांत पार्टिशनांचा तक्ता असतो. त्यात चार नोंदी, प्रत्येक नोंद १६ बाइटांची. नव्या जीपीटी पद्धतीत एक नोंद १२८ बाइटांची असते आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. खोडताना ही नोंद जाते. तुमचा डी जवळपास आठशे जीबीचा होता, त्यातला एकही फोटो खोडण्याच्या त्या क्षणी पुसला गेलेला नाही.

पुढे जे झालं ते मात्र मोजावं लागेल. नवी विंडोज बसली, तिने वीस-पंचवीस जीबी जागा घेतली, शिवाय मेमरीच्या कामासाठी काही जीबीच्या मोठ्या फाइली तयार केल्या. हे लिखाण बहुतेक करून पार्टिशनच्या सुरुवातीच्या भागात होतं, म्हणजे जिथे तुमचा जुना सी होता तिथेच. डी सुरू व्हायचा दीडशे जीबीनंतर. एनटीएफएस (विंडोजची फाइली मांडून ठेवायची नेहमीची पद्धत) पार्टिशनमध्ये फाइलींची नावं, फोल्डर आणि जागा यांची एक मुख्य नोंदवही असते. विंडोज ती साधारणपणे पार्टिशन सुरू झाल्यापासून ३ जीबी अंतरावर ठेवते. तुमच्या डीची नोंदवही त्या हिशेबाने डिस्कवर १५३ जीबीच्या आसपास असणार, नव्या विंडोजच्या मुख्य गर्दीपासून बरीच लांब. म्हणून मला तुमच्या बाबतीत चांगली आशा आहे. फोल्डरच्या नावांसकट फोटो मिळण्याइतकी.

पण ही आशा तासातासाला घटते. आता सगळी डिस्क एकच सी आहे, त्यामुळे विंडोजला कुठेही लिहायची मुभा आहे. अपडेट येतात. त्याहून वाईट म्हणजे डिस्क नीट लावून ठेवण्याचं काम विंडोज आठवड्यातून एकदा आपण होऊन करते आणि त्यात फाइली इकडून तिकडे हलवते. रिकाम्या दिसणाऱ्या जागेत तुमचे फोटो आहेत हे तिला माहीत नसतं. संगणक नुसता चालू ठेवला तरी नुकसान होतं ते असं.

आता करायचं काय? डिस्क काढा. ती दुसऱ्या संगणकाला दुय्यम डिस्क म्हणून जोडा, त्यासाठी साटा ते यूएसबी केबल मिळते. जोडल्यावर विंडोजने ‘फॉरमॅट करायचं का’, ‘इनिशियलाइज करायचं का’ असं काहीही विचारलं तर नाही म्हणा. ‘डिस्क तपासून दुरुस्त करतो’ म्हणणारी चेकडिस्कही चालवू नका, ती मोडलेली रचना आपल्या समजुतीने जुळवते आणि तिला न समजलेल्या नोंदी टाकून देते. आधी क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट साधनाने तब्येत बघा. रिॲलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर (डिस्कवरच्या खराब झालेल्या आणि नीट वाचता न येणाऱ्या जागा) या दोन ओळींत शून्य असेल तर छान. तिथे आकडे दिसले तर डिस्क आतून झिजतेय असं समजा आणि तिच्यावर शोधाशोध अजिबात करू नका.

मग पूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत घ्या, २ टीबीच्या दुसऱ्या डिस्कवर. ही पायरी माझ्याकडे येणारे जवळपास सगळेच गाळतात आणि माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हिच्याबद्दलच आहे. नव्या डिस्कला चार पैसे जातील, पण प्रत हातात असली की पुढे काहीही चुकलं तरी मूळ डिस्क जशी होती तशी राहते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येते. लिनक्सवर चालणारं डीडीरेस्क्यू यासाठी उत्तम. वाचताना जिथे अडकतं तो भाग ते तात्पुरता सोडून पुढे जातं, चांगला भाग आधी वाचून घेतं आणि कुठवर आलो याची नोंद एका फाइलीत ठेवतं, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी तिथूनच पुढे चालू करता येतं. तासगावकरांना याचं मोल वेगळं सांगायला नको. १ टीबीची धडधाकट डिस्क १०० एमबी प्रतिसेकंद या वेगाने वाचली तर पावणेतीन तास लागतात. जुन्या यूएसबी २ च्या केबलवर आठ-नऊ तास. रात्रभर राहू दे. फक्त कुठली डिस्क मूळ आणि कुठली कोरी हे कंपनी, क्रमांक आणि आकार पाहून दोनदा ताडून घ्या. इथे उलटापालट झाली तर कोरी डिस्क तुमच्या फोटोंवर उतरेल आणि त्यावर कोणाकडेच इलाज नाही.

शोध घ्यायचा तो प्रतीवर. क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच माणसाने लिहिलेली टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही दोन साधनं पूर्ण फुकट आहेत. दिसायला काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं, माऊस चालत नाही, म्हणून लोक बिचकतात. पण यादी दाखवून पैशांसाठी अडवणाऱ्या पुष्कळ ॲपपेक्षा मला ती जास्त भरवशाची वाटतात. टेस्टडिस्कमध्ये डिस्क निवडा, तक्त्याचा प्रकार ते स्वतःच सुचवतं तो ठेवा, ॲनालाइज करा आणि मग क्विक सर्च. जुना डी तिथे नाही सापडला तर डीपर सर्च, त्याला बराच वेळ लागतो. डी सापडेल तेव्हा बहुधा तुमच्या नव्या मोठ्या सीवर चढलेला दिसेल, कारण दोन्ही एकाच जागेवर हक्क सांगताहेत आणि दोन्ही एकदम खरे असू शकत नाहीत. टेस्टडिस्क तशी तक्रारही करेल. घाबरू नका. जुन्या डीच्या ओळीवर थांबून ‘पी’ दाबा. फोल्डर दिसले, लग्नांची नावं दिसली, की ‘ए’ने सगळं निवडा आणि मोठ्या ‘सी’ने तिसऱ्याच डिस्कवर उतरवून घ्या. ‘राइट’ला हात लावू नका. तक्ता दुरुस्त करण्याचा मोह होतो, पण तुम्हाला तक्ता नको आहे, फोटो हवे आहेत.

हे साधलं नाही तर फोटोरेक. ते नावं-फोल्डर काही बघत नाही, डिस्कवर सरळ चालत जातं आणि फाइलींच्या सुरुवातीच्या खुणा ओळखतं. प्रत्येक जेपेग फाइल ‘एफएफ डी८ एफएफ’ अशा बाइटांनी सुरू होते; कॅमेऱ्याच्या रॉ फाइलींच्याही अशाच ठरलेल्या खुणा असतात. यात नावं जातात, सगळं आकडी नावांनी एकत्र पडतं आणि त्या ढिगात छोटी चित्रंही मिसळलेली असतात. तरी तुमच्यासारख्याला यातून वाट आहे. फोटो काढल्याची तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याचं मॉडेल फोटोच्या आतच लिहिलेलं असतं. त्या तारखेने लावून घ्या, लग्नपत्रिकेवरची तिथी समोर ठेवा. हळद, अक्षता, वरात आपोआप वेगळी होतील. व्हिडिओच्या बाबतीत मात्र फार आशा धरू नका. मोठा व्हिडिओ डिस्कवर तुकड्यातुकड्यांत पडलेला असतो आणि फोटोरेकला ते तुकडे सहसा जोडता येत नाहीत.

डिस्क एकीकडे चालू दे, तोवर दुसरीकडेही बघा. तुमची मेमरी कार्डं कपाटात आहेत ना? कॅमेऱ्यात कार्ड फॉरमॅट केलं तरी बहुतेक वेळा फोटो आतच राहतात, त्यावर नवं चित्रीकरण झालेलं नसेल तर फोटोरेक तेही काढून देतं. शेवटच्या एक-दोन लग्नांचं कार्ड तसंच पडलेलं असण्याची शक्यता चांगली आहे. ज्या लॅबला अल्बम छापायला दिले तिथे फोन करा. ज्या घरांना फोटो निवडायला पेनड्राइव्ह दिला होता त्यांच्याकडे जा आणि काय झालं ते खरं सांगा. अल्बम उशिरा मिळाला तर लोक समजून घेतात. लपवलेलं कळलं तर मात्र नाही.

प्रश्न : साताऱ्यात पोवई नाक्याजवळ आमची जुनी डीटीपीची खोली आहे. वडिलांच्या काळातल्या डिस्कवरचं एक पार्टिशन भावाने चुकून खोडलं, ते टेस्टडिस्कने परत मिळालं. पण आतल्या फाइली उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, उद्गारचिन्हं असा नुसता चिखल दिसतो. गावोगावच्या यात्रांच्या स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल, काही दिवाळी अंक असं पुष्कळ काम आहे. सगळं खराब झालं म्हणून डिस्क टाकून देऊ का? – एक डीटीपी चालक

नका, कृपा करून टाकू नका. तुमच्या फाइली बहुतेक ठणठणीत आहेत.

युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी आजची पद्धत) रुळण्याआधी आपल्याकडे मराठी छपाई श्रीलिपी, आयएसएम अशा प्रणालींच्या फाँटवर चालायची. त्या फाँटांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असत. फाइलीत साठवलेलं असतं ते इंग्रजीतलं चिन्ह आणि फाँट ते मराठी करून दाखवतो. तो फाँट आजच्या संगणकात नाही, म्हणून चिखल दिसतो. तुमच्याआधीही अनेकांनी अशी कामं ‘करप्ट’ म्हणून पुसून टाकलेली मी पाहिली आहेत. त्यात गावांचा आणि संस्थांचा कितीतरी इतिहास गेला, त्याचं मला फार वाईट वाटतं.

फाइल जिवंत आहे की मेली हे ओळखायला सोपं आहे. नोटपॅडमध्ये उघडा. शब्दांइतक्या लांबीचे पुंजके, मध्ये रिकाम्या जागा, तेच तेच पुंजके पुन्हा पुन्हा येताहेत, तर आत मराठी मजकूर आहे. सगळीकडे कोरंच कोरं किंवा एकच खूण हजारो वेळा असेल तर ती जागा पुसली गेली आहे. वर्डच्या आणि पानं लावायच्या पेजमेकरच्या फाइलींत सुरुवातीला त्या प्रोग्रॅमचा स्वतःचा कचरा असतो, त्यामुळे निर्णय मधला भाग बघून घ्या.

पुढचं काम फाँट मिळवण्याचं. ते त्याच डिस्कवर असतील. वडिलांचा जुना सी अजून असेल तर विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधली प्रत्येक फाइल आधी बाहेर काढून ठेवा. तो सीही गेला असेल तर फोटोरेकला टीटीएफ प्रकार शोधायला सांगा. फाँट बसवून मजकुरावर लावला की अक्षरं जागेवर येतात. नेमका तोच फाँट लागेल. श्रीलिपीच्या मजकुरावर दुसऱ्या प्रणालीचा फाँट चालणार नाही, कारण प्रत्येकाने आकार वेगवेगळ्या जागी बसवलेले आहेत. पेजमेकरची शेवटची ७.० आवृत्ती २००१ साली आली, त्यानंतर ती ओळ थांबली. त्यामुळे जुना एक्सपी संगणक चालू अवस्थेत असेल तर तो जपा आणि प्रत्येक अंक त्यावर उघडून पीडीएफ करून ठेवा. मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं मिळतात. मात्र रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी हमखास चुकते, तेव्हा एकदा वाचून काढावं लागेल. यात्रांच्या स्मरणिकांपासून सुरुवात करा. पतसंस्थेच्या अहवालाची छापील प्रत कुठेतरी सापडते, स्मरणिकेची सापडत नाही.

प्रश्न : मी सांगलीत अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. लॅपटॉपच्या एसएसडीवर उबुंटू (लिनक्स) टाकायला जागा हवी म्हणून विंडोजमधून एक पार्टिशन खोडलं, ते नेमकं प्रोजेक्टचं निघालं. उबुंटू टाकून झाल्यावर लक्षात आलं. मिळेल का? – एक विद्यार्थी

बाळा, मिळण्याची आशा जवळपास नाही. हे आज कळलेलं बरं, नाहीतर तू दहा साधनं चालवत आठवडा घालवशील.

वर फोटोंच्या बाबतीत जे लिहिलं ते फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कबद्दल आहे. एसएसडीत तबकडी नसते, डेटा चिपांवर असतो, म्हणून तिचा स्वभाव वेगळा. तिला नवं लिहिण्याआधी जुनं पुसावं लागतं, म्हणून मोकळी झालेली जागा कुठली हे संगणक तिला ट्रिम या आज्ञेने आधीच कळवतो. विंडोज ७ पासून फाइल खोडणं, फॉरमॅट करणं, पार्टिशन खोडणं या सगळ्यांबरोबर ही आज्ञा जाते. उबुंटूने तिथे नवी फाइल सिस्टिम तयार करताना पुन्हा एकदा कळवलं. त्यानंतर त्या जागा वाचायला गेलं की बहुतेक एसएसडी नुसती शून्यं देतात. मोठ्या लॅबमध्येही याला फारसं उत्तर नाही, म्हणून लॅबला पैसे देऊ नकोस.

शोधायचं असेल तर डिस्कबाहेर शोध. गाइडना पाठवलेल्या मेलमधल्या जोडफाइली, गटातल्या मित्रांचे लॅपटॉप, व्हॉट्सॲपवर पाठवलेला रिपोर्ट, गुगल ड्राइव्हचा कचराडबा (तिथे फाइली ३० दिवस राहतात), कॉलेजच्या लॅबमध्ये डेमोसाठी नेलेला पेनड्राइव्ह. गाइडना आजच भेट. तुकडे जुळवून पुन्हा उभं करायला लागणारा वेळ तुझ्याकडे अजून आहे, आणि एकदा लिहिलेलं पुन्हा लिहायला पहिल्याइतका वेळ लागत नाही.

प्रश्न : मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. टॅलीचा डेटा असलेला ड्राइव्ह उघडेना, संगणकाने फॉरमॅट करायला सांगितलं आणि दिवाणजींनी ते करून टाकलं. क्विक फॉरमॅट होतं. त्यानंतर संगणक बंदच ठेवला आहे. – एक अडत व्यापारी

काका, संगणक बंद ठेवलात हे फार योग्य केलंत. तुमचं काम होण्यासारखं आहे.

क्विक फॉरमॅटमध्ये नवी, छोटीशी नोंदवही लिहिली जाते, बहुधा जुन्या नोंदवहीच्या डोक्यावरच. तिने सुरुवातीच्या काही नोंदी झाकल्या जातात, खालच्या बऱ्याचशा राहतात. पूर्ण फॉरमॅट केलं असतं तर गोष्ट वेगळी होती; विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट डिस्कभर शून्यं लिहितो. तुमच्या बाबतीत नुसत्या खुणा ओळखून फाइली वेचण्याचा उपाय कामाचा नाही. टॅलीचा एका कंपनीचा डेटा म्हणजे एक फाइल नव्हे, आकडी नावाच्या फोल्डरमधला फाइलींचा संच आहे. तो पूर्ण, मूळ नावांसकट आला तरच टॅली उघडते. म्हणून ज्याच्याकडे डिस्क द्याल त्याला हे आधीच सांगा : फोल्डर नावासकट हवा, प्रत घेऊन मगच काम करायचं, मूळ डिस्कवर काही लिहायचं नाही. टॅलीची बॅकअप फाइल सापडली तर ती आधी काढायला सांगा, कारण ती एकच असते आणि तिच्यातून पूर्ण कंपनी उभी राहते.

ड्राइव्ह मुळात उघडेना का झाला, हा प्रश्न उरतोच. बऱ्याचदा डिस्क मरायला टेकल्याची ती पहिली खूण असते, तेव्हा डेटा मिळाल्यावर त्याच डिस्कवर परत ठेवू नका. दरम्यान तुमच्या सीएंकडे मागच्या तिमाहीची प्रत आहे का विचारा. भरलेली जीएसटी विवरणपत्रं पोर्टलवरून उतरतात, बँकेचे उतारे मिळतात. पट्ट्यांच्या कार्बन प्रती फेकू नका.

प्रश्न : मिरजेत आमच्या घरी तंतुवाद्यं बनतात. आजोबांनी जवारी काढताना केलेलं बोलणं, वाजवून दाखवलेले सूर असं सगळं ध्वनिमुद्रण पोर्टेबल हार्ड डिस्कवर होतं. ती टेबलावरून पडली. आता जोडली की टकटक आवाज येतो आणि पार्टिशन दिसत नाही. कुठलं सॉफ्टवेअर वापरू? – एक वाचक

कुठलंही नाही. पुन्हा जोडूही नका, ‘एकदा बघूया’ म्हणूनसुद्धा नाही. टकटक आवाज म्हणजे वाचणारं डोकं आपली जागा शोधतंय आणि त्याला ती सापडत नाही. ते तबकडीवर घासत असेल तर ज्या थरात आजोबांचा आवाज आहे तोच थर खरवडला जातोय. पार्टिशन न दिसणं हा इथे नुसता परिणाम आहे. फ्रीजमध्ये ठेवणं, झाकण उघडून डोकं हलवून पाहणं असले व्हिडिओ बघून काही करू नका.

याला धूळमुक्त खोली लागते, तशाच जातीच्या डिस्कचे सुटे भाग लागतात. ते माझ्याकडे नाही; अशा लॅब पुण्या-मुंबईत आहेत. खर्च हजारांच्या घरात जातो, म्हणून आधी लेखी विचारा : तपासणीचे किती, डेटा मिळाला नाही तर किती, मिळालेल्या फाइलींची यादी पैसे भरण्याआधी दाखवणार का. डिस्क फोममध्ये गुंडाळून शक्यतो स्वतः घेऊन जा. मी तुमच्या जागी असते तर हा खर्च केला असता. दुकानातल्या बिलांसाठी कदाचित नसता केला, या आवाजासाठी केला असता.

कृष्णाकाठच्या वाचकांसाठी याला जोडूनच. २०१९ च्या महापुरानंतर लोक भिजलेल्या डिस्का उन्हात खडखडीत वाळवून, मग जोडून बघून माझ्याकडे आणत होते. पुराच्या पाण्यातला गाळ वाळला की तबकडीवर चिकटतो आणि वीज दिली की ओरखडे पडतात. भिजलेली डिस्क वाळवू नका, जोडू नका. ओलसरच हवाबंद पिशवीत घालून लॅबला पोचवा. आणि पावसाळ्याआधी निदान एक प्रत वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे ठेवा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे, साताऱ्यात राहते. जुना संगणक विकायचा आहे. भाच्याने सगळी पार्टिशनं खोडून दिली. बँकेची कागदपत्रं, नातींचे फोटो त्यात होते. आता निर्धास्त विकू का? – एक वाचक

नाही, बाई. वरचं पहिलं उत्तर वाचलंत तर लक्षात येईल की तो छायाचित्रकार ज्यामुळे वाचेल त्याचमुळे तुम्ही अडचणीत याल. खोडलेल्या पार्टिशनमधून तुमची कागदपत्रं कोणालाही, फुकट साधनाने, एका दुपारीत काढता येतील.

हार्ड डिस्क असेल तर ती भाच्याला दुसऱ्या संगणकाला जोडायला सांगा. विंडोजमधल्या डिस्कपार्ट या साधनात ‘क्लीन ऑल’ अशी आज्ञा आहे, ती पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत शून्यं लिहिते. नुसतं ‘क्लीन’ पुरत नाही, त्यात तक्त्याचा भाग तेवढा जातो. काही तास लागतील, पण एकदा लिहिणं पुरेसं आहे. आजच्या हार्ड डिस्कवर एकदा शून्यं लिहिली की खालचं वाचता येत नाही, सात-सात वेळा पुसायची गरज नाही. आज्ञा देण्याआधी निवडलेल्या डिस्कचा आकार त्याला मोठ्याने वाचायला लावा आणि तुम्ही शेजारी बसून ऐका, कारण चुकून त्याची स्वतःची डिस्क निवडली गेली तर तीही तितकीच स्वच्छ होईल. एसएसडी असेल तर तिच्या कंपनीच्या साधनातला सिक्युअर इरेज वापरावा. आणि संगणक बंद पडलेला असेल, डिस्क जोडली जातच नसेल, तर डिस्क काढून घ्या आणि बाकीचा संगणक विका. विकत घेणाऱ्याला नवी डिस्क फारशी महाग पडणार नाही, किमतीत तेवढे कमी करा.